एकच द्राक्ष, नऊ उतार: प्रोडुत्तोरी देल बार्बारेस्को

वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळ, तानारो नदीच्या काठावर बार्बारेस्को नावाचं चिमुकलं गाव आहे. गावात एक जुना मनोरा, एक चर्च, आणि चर्चसमोर प्रोडुत्तोरी देल बार्बारेस्को ही वाइनरी. ही कुणा एका घराण्याची नाही, ती शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. 1894 मध्ये आल्बाच्या वाईन-विद्यालयाचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी नऊ शेतकऱ्यांना एकत्र करून पहिला प्रयत्न केला, तो फॅसिस्ट राजवटीत बंद पडला. 1958 मध्ये गावच्या पाद्रीबुवांनी 19 छोट्या बागायतदारांना पुन्हा एकत्र बांधलं. पहिले तीन हंगाम वाईन चर्चच्या तळघरात झाली. आज पन्नासहून अधिक सभासद आणि शंभर हेक्टरहून अधिक बागा आहेत.

सहकार महाराष्ट्राला नवा नाही, म्हणून इथली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे ऊस कारखान्यात जातो तो वजनावर, आणि सगळ्यांना दर एकच. इथे सभासदाच्या द्राक्षांचा दर्जा तपासून पैसे ठरतात. ज्याने वेलीवर घड कमी ठेवले आणि नीट पिकवले, त्याला दर जास्त. शिवाय सभासदाने आपली सगळी नेब्बिओलो (इथली काळी द्राक्षं) संस्थेलाच द्यायची, चांगला माल बाजूला काढून दुसऱ्याला विकायचा नाही. इतकी मोठी संस्था असूनही वाईन पातळ होत नाही, त्याचं कारण मला या दोन नियमांत दिसतं.

इथे फक्त नेब्बिओलो द्राक्षाचीच वाईन होते. साल पातळ, त्यामुळे रंग फिका. पेल्यातून पलीकडचं बोट दिसतं. रंगावरून ही हलकी वाईन वाटते आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळतात, जांभळं खाल्ल्यासारख्या. नाशिकची गडद रंगाची कॅबरने-शिराझ पिऊन आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. वास मात्र सुकलेल्या गुलाबाचा, आंबटगोड चेरीचा, आणि वय वाढलं की ओल्या मातीचा आणि चामड्याचा. पेल्याच्या कडेला विटकरी छटा दिसली म्हणून बाटली खराब समजू नका. नेब्बिओलो लवकरच तशी होते.

वाईन तीन पायऱ्यांची. लांगे नेब्बिओलो सर्वांत साधी, लवकर प्यायची. त्यावर बार्बारेस्को. कायद्याने ती किमान 26 महिने मुरवावी लागते, त्यातले 9 लाकडात. त्यावर रिझेर्वा, किमान 50 महिन्यांची. इथली पिंपं मोठी असतात, त्यामुळे लाकडाचा व्हॅनिलासारखा वास वाईनवर स्वार होत नाही.

रिझेर्वा नऊ, प्रत्येक एकाच उताराची, म्हणजे एकाच टेकडी-उतारावरच्या बागांची: आझिली, राबाया, पोरा, ओवेल्लो, पाये, मुंकागोता, रिओ सोर्दो, मोंतेफिको, मोंतेस्तेफानो. नऊही एकाच पद्धतीने केल्या जातात, म्हणून पेल्यात जो फरक जाणवतो तो उताराचा. आझिली सुगंधी आणि नाजूक. पोरा आणि रिओ सोर्दो मऊ, त्यामुळे आधी उघडायला योग्य. ओवेल्लो तरतरीत, आंबटपणाकडे झुकलेली. मोंतेफिको कडक. मोंतेस्तेफानो सर्वांत दणकट, बारोलोची (शेजारच्या भागातली नेब्बिओलोचीच दणकट वाईन) आठवण करून देणारी, तिला हंगामापासून बारा-पंधरा वर्षं द्यावीत. लेबलवर उताराचं नाव, बाटल्यांची संख्या आणि त्या बागांच्या मालकांची नावंही छापतात. शेतकऱ्याचं नाव बाटलीवर येणं मला फार मोलाचं वाटतं.

पहिली बाटली मात्र साध्या बार्बारेस्कोचीच घ्या. ज्या वर्षी संस्था रिझेर्वा करत नाही, त्या वर्षी नऊही उतारांचा माल या साध्या बाटलीत उतरतो. त्या दर्जाला या बाटलीची किंमत खरोखर रास्त आहे.

चूक बहुधा घरी होते, आणि ती तापमानाची. ही वाईन 16 ते 18 अंशांवर प्यायची. आपल्याकडच्या 30 अंशांच्या खोलीत ठेवलेली बाटली थेट उघडली तर नाकात नुसता अल्कोहोल जातो आणि फळ हरवतं. फ्रीजमध्ये साधारण दीड तास ठेवा, घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं. उलट फार गार केली तर तुरटपणा टोचतो. तरुण बार्बारेस्को पिण्याआधी दोन तास डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून वापरायचं रुंद काचेचं भांडं) ओतून ठेवा, लांगे नेब्बिओलोला अर्धा तास पुरे. वीस वर्षांची बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग न हिंदकळता सावकाश ओता आणि लगेच प्या. तिला दोन तास उघडं ठेवलं तर उरलासुरला सुगंधही उडून जातो.

जेवणात या तुरटपणाला स्निग्ध पदार्थ लागतो, नाहीतर प्रथिनं. तिथला तायारिन पाहा: किलोभर पिठाला तीस-चाळीस अंड्यांचे पिवळे बलक, शेवयांसारखा बारीक कापलेला पिवळाधमक पास्ता, वर लोणी आणि सेज या सुवासिक वनस्पतीची पानं. बलक आणि लोणी जिभेवर थर धरतात आणि तुरटपणा रेशमी होतो. याच्यासोबत लांगे नेब्बिओलो किंवा साधी बार्बारेस्को. भाजलेल्या मांसाचं सारण भरून चिमटीने बंद केलेले पास्ताचे आन्योलोत्ती देल प्लिन असतील तर पोरा. वाईनमध्ये तासन्‌तास मंद शिजवलेलं मांस, म्हणजे ब्रासातो, असेल तर मोंतेस्तेफानो. आल्बाचा पांढरा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) पानात असेल तर जुनी बाटली काढा, मातीचा वास मातीच्या वासाला भेटतो. चीजमध्ये कास्तेलमान्यो. हेझलनटच्या केकसोबत मात्र नको, गोडाने ही वाईन आंबट लागते. तिथे मोस्कातो द'आस्ती ही गोड, हलकी फसफसणारी वाईनच हवी.

मराठी स्वयंपाकात तिची जोडी अळणी मटणाशी जमते: आलं-लसूण, हळद, मीठ लावून शिजवलेलं, तुपावर मिरपूड घालून परतलेलं. तांबडा रस्सा टाळा, कारण तिखट आणि तुरट मिळून तोंड कडू करतात. सुरमई-बांगडाही नको. तेलकट मासळी आणि टॅनिन (वाईनमधला तुरट घटक) एकत्र आले की जिभेवर लोखंडाची चव राहते. शाकाहारी घरात लोण्यात खरपूस परतलेली मशरूम करा. त्यातलं पाणी पूर्ण आटू द्या आणि मीठ शेवटी घाला, नाहीतर ती पाणी सोडून उकडतात आणि वाईनला लागणारा खरपूसपणा येत नाही.