विहिरीच्या पाण्याला यूव्ही मशीन की टीसीएल?

परसातल्या विहिरीचं पाणी प्यायला वापरायचं तर अतिनील किरणांनी जंतू मारणारं यूव्ही मशीन घ्यावं की सरळ टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकावी, हे आमच्या नातेवाइकांत दर मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतंच, आणि आमच्या घरात दोन्ही वापरून झालंय म्हणून सगळे माझ्याकडे पाठवतात. आमची विहीर सिंधुदुर्गातली, जांभ्यातली, त्यामुळे माझं मतही तेवढ्यापुरतंच धरा.

आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन, मी आधीच बाजूला ठेवतो. आमचं पाणी मुळात हलकं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभराच्या आत, त्याला आरओ लावायचा म्हणजे पैसे देऊन बेचव पाणी प्यायचं आणि वर बादल्याच्या बादल्या मोरीत सोडायच्या. खाडीकाठी मचूळ पाणी असेल किंवा अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात घर असेल तर गोष्ट वेगळी. यवतमाळ-चंद्रपूरकडे जिथे पाण्यात फ्लोराइड आहे तिथे यूव्ही, टीसीएल, उकळणं यातलं काहीच कामाचं नाही, आधी भूजल खात्याच्या प्रयोगशाळेत नमुना देऊन या.

आता राहिले दोघं. चवीला यूव्हीच सरस, वाद नाही, वास नाही की काही नाही. पाणी गढूळ असलं की मातीच्या कणाआड जंतू लपतात म्हणून आधी गाळणारं कार्ट्रिज लागतं, ते जुलैत लाल चिखलाने भरून नळाची धार करंगळीएवढी होते, पण तेही मी चालवून घेतलं असतं. डोकं फिरलं ते लाईटमुळे. लाईट नाही तर मशीन थेंब सोडत नाही, आणि आमच्याकडे लाईट जाते कधी, तर धो धो पाऊस पडून विहीर काठोकाठ भरलेली असते आणि शेतातलं, रस्त्यावरचं सगळं पाणी आत झिरपत असतं तेव्हाच. म्हणजे ज्या दिवशी मशीनची खरी गरज त्याच दिवशी घरातले सगळे कळशी बुडवून तसंच पाणी पितात! इन्व्हर्टरवर चालतं असं कोणी म्हणेल, चालतं की, पण रात्री झाड तारेवर पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इन्व्हर्टरही मान टाकतो.

टीसीएल विहिरीत टाकायचं गणित तसं सोपं आहे, हजार लिटरला चांगली ताजी पावडर अडीच ग्रॅम. आमच्या विहिरीचा व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर धरलं तर अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास. पण पावसात झरे फुटले की आज टाकलेलं उद्या पातळ होऊन जातं, म्हणून मी विहीर सोडून वरच्या टाकीत टाकतो. टाकी हजार लिटरची, अंदाज करायचाच नाही. मगात पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि निदान तासभर नळ सोडायचा नाही. ग्रामपंचायतीत करतात तशी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायची) सुरुवातीला केलेली बरी, नंतर नाकालाच कळायला लागतं. पाणी फारच गढूळ असलं तर क्लोरीन त्यातच खर्च होतं, तेव्हा आधी तुरटी फिरवून निवळू द्या. आणि हो, फायदा सगळ्या नळांना, नाहीतर पोरं मशीन सोडून पडवीतल्याच नळाला तोंड लावतात.

वासाचं म्हणाल तर आई पहिल्या आठवड्यात चहा बाजूला सारायची. आता पिण्याचं पाणी रात्री माठात भरून ठेवतो, सकाळपर्यंत वास बराचसा उडतो. पावडर मात्र प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा, दमट हवेत ती मरते आणि स्टीलचं झाकण खाते. संडास साफ करायच्या ॲसिडजवळ तर अजिबात नको, दोन्ही एकत्र आलं तर विषारी वायू होतो.

घर वर्षभर बंद आणि गणपती-मे महिन्यात उघडणार असेल तर रोज मोजून टाकायचा व्याप कोण करणार, तिथे यूव्ही घ्या, मी नको म्हणणार नाही. फक्त आल्या आल्या टाकी धुवा, एकदा टीसीएलचं पाणी सगळ्या नळांतून सोडा, आणि क्लोरीनच्या थेंबांची एक बाटली स्वयंपाकघरात ठेवा, लाईट गेली की हंड्याला लागेल.