जिनिंगसाठी वीज: महावितरण की ओपन ॲक्सेस?

वणीकडे जिनिंग चालवणारा भाचा ओपन ॲक्सेसने, म्हणजे महावितरणच्याच तारांवरून दुसऱ्या उत्पादकाची वीज घ्यायच्या विचारात आहे. २००३ च्या कायद्याने ही वाट उघडली. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी किमान मागणीची अट १०० किलोवॅटवर आणली.

नुसता युनिटचा भाव पाहू नका. त्यावर वहन आकार, तारेतली घट, क्रॉस-सबसिडी अधिभार (इतरांना स्वस्त वीज देण्याची भरपाई) चढतो. बेरीज करूनच तुलना करा.

पुरवठ्याच्या खात्रीत फरक नाही. तार तीच, लाइनमन तोच. वादळात खांब पडला की दोन्हीकडे अंधार.

खरी मेख हंगामाची. कापूस दिवाळीच्या आगेमागे येतो, उन्हाळ्यात रेचे (सरकी काढणारी यंत्रं) बंद. करार वर्षभराचा असेल तर न वापरलेल्या विजेचाही भुर्दंड! शिवाय दर पंधरा मिनिटांच्या वापराचा हिशेब.

हंगामी जिनिंगने महावितरणच ठेवावं. बारमाही सूतगिरणीला, हिशेबाला माणूस असेल तर, ओपन ॲक्सेस परवडेल.