व्हीएचएस संगणकावर घेताना फ्रेम गळतात: पैसे नक्की कुठे घालायचे?

लग्नाची तीन तासांची कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली, पिवळी-पांढरी-लाल पिन यूएसबीच्या डबीत (चित्र संगणकात घेणाऱ्या कॅप्चर उपकरणात) खोचली, रेकॉर्ड दाबलं. अर्ध्या तासाने बघावं तर भटजींचे ओठ मिटलेले आणि मंगलाष्टकं अजून चालूच! आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तासाला होतात ९०,०००. शंभरातली एक गळली तरी ९०० फ्रेम, म्हणजे ३६ सेकंदांचं चित्र गेलं. आवाज मात्र पूर्ण उतरला. बहुतेक लोक इथे रॅम वाढवतात, एसएसडी घालतात, काही जण लॅपटॉपच बदलतात. त्यातला बराचसा खर्च वाया जातो, कारण व्हीएचएसच्या बाबतीत फ्रेम सहसा संगणकात पोचण्याआधीच हरवलेली असते.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

व्हर्च्युअलडबसारखा कॅप्चर प्रोग्रॅम गळलेल्या आणि भरीला घातलेल्या फ्रेमचा आकडा चालू असतानाच दाखवतो. तो नजरेसमोर ठेवा. व्हीसीआर काढून त्याच वायरीवर सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर जोडा आणि पंधरा मिनिटं रेकॉर्ड करा. इथे आकडा शून्यावर राहिला तर संगणक बहुतेक निर्दोष आहे. मग कॅसेटची एकच पाच मिनिटं दोनदा घ्या. दोन्ही वेळा त्याच जागी फ्रेम गळली तर खोट कॅसेटमध्ये किंवा व्हीसीआरच्या हेडमध्ये. दर वेळी वेगळ्या जागी गळली तर डिस्क, यूएसबी किंवा मागे चाललेलं काहीतरी.

तिसरी शक्यता म्हणजे घड्याळ लावल्यासारखी ठरावीक अंतराने एकेक फ्रेम जाणं. तसं दिसलं तर सेटिंग तपासा. डबीचा ड्रायव्हर बऱ्याचदा एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर आणि सेकंदाला २९.९७ फ्रेमवर लावलेला येतो. आपल्या कॅसेटला पाल-बी आणि २५ हवं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट मात्र एनटीएससी असते, तिथे २९.९७ च बरोबर. आवाज वेगळ्या साउंड कार्डातून घेत असाल तरी असंच होतं. चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालतं आणि जुळवून घेण्यासाठी प्रोग्रॅम अधूनमधून फ्रेम टाकतो किंवा वाढवतो. आवाज त्याच डबीतून घ्या.

संगणकाचा वाटा

७२० × ५७६ चं चित्र न दाबता घेतलं तर सेकंदाला सुमारे २१ एमबी आणि तासाला जवळजवळ ७५ जीबी लागतात. हफवाययूव्ही किंवा लॅगरिथसारखा लॉसलेस (चित्राचा दर्जा न घालवता दाबणारा) कोडेक लावला तर हे साधारण निम्म्यावर येतं आणि प्रोसेसरवर फारसा ताण पडत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही धड संगणक एवढं पेलतो. अडचण होते ती थेट एच.२६४ या घट्ट दाबणाऱ्या कोडेकमध्ये, तेही 'स्लो' प्रीसेटवर घ्यायचा हट्ट धरल्यावर. आधी लॉसलेस घ्या, आकुंचन नंतर रात्रभर चालू द्या.

डबी हबवर नको, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबीवरून थेट चित्र बहुधा अशा पद्धतीने येतं की हरवलेला तुकडा पुन्हा मागितला जात नाही. पोर्ट दुसऱ्या उपकरणाबरोबर वाटून घेतला की नुकसान कायमचं. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, कॅप्चरचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा, वाय-फाय बंद करा. वाय-फायचा खराब ड्रायव्हर सगळ्या यंत्रणेला क्षणभर अडवून धरतो. लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालवला की कोणता ड्रायव्हर अडवतोय ते कळतं. पेन ड्राइव्ह किंवा एफएटी-३२ ची डिस्क वापरू नका, ४ जीबीला फाइल तुटते. एनटीएफएस हवं. एवढं करायला एक रुपयाही लागत नाही, म्हणून हे आधी.

आता पर्याय: नुसती यूएसबीची डबी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहरी. बिननावाच्या डब्या बाहेरून सारख्या दिसतात, आत वेगवेगळ्या चिप असतात. एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. मूळ दुखणं मात्र डबीचं नाही. व्हीएचएसच्या फितीवरून येणारी प्रत्येक ओळ एकसारख्या लांबीची नसते. फीत ताणलेली, हेड झिजलेलं, व्हीसीआरची मोटर थकलेली. दोन चित्रीकरणांच्या मधे मुंग्या येतात तिथे तर फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा सिंक पल्सच गायब. टीव्ही हे सगळं निमूट सोसतो. कॅप्चर चिपला फ्रेमची सुरुवात सापडली नाही की ती फ्रेम सरळ सोडून देते. म्हणूनच टीव्हीवर ठीक दिसणारी कॅसेट संगणकावर शेकडो फ्रेम गाळते.

पहिलीच प्रत असलेली, चांगल्या व्हीसीआरवर चालणारी कॅसेट असेल तर नुसत्या डबीवर भागतं. हॉपॉजची यूएसबी-लाइव्ह२ सारखी नावाजलेली डबी मिळाली तर ती घ्या. पण गावच्या स्टुडिओने मूळ कॅसेटवरून पाच नातेवाइकांसाठी काढलेल्या प्रती, ज्या आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी हा पर्याय पुरत नाही.

डबी आणि व्हीसीआरच्या मधे डीव्हीडी रेकॉर्डर

आमचं मत इथे झुकतं. रेकॉर्डरवर डिस्क बनवायची नाही. तो फक्त वाटेत ठेवायचा. व्हीसीआरची पिन रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरचं आउटपुट यूएसबीच्या डबीला. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी प्रसिद्ध आहेत. आत आलेली वेडीवाकडी ओळ ते सरळ करतात, पूर्ण फ्रेम साठवतात आणि स्वतःच्या स्थिर घड्याळावर बाहेर सोडतात. फितीवरून फ्रेम आलीच नाही तर आधीचीच पुन्हा देतात. चित्र क्षणभर थबकतं, पण मोजणी चुकत नाही आणि आवाज जागेवर राहतो.

घेताना चूक होते ती एकच, पण हमखास: डीव्हीडी प्लेअर घेतला जातो. प्लेअरला इनपुट नसतं, त्याचा इथे उपयोग शून्य. मागे 'इन' लिहिलेल्या पिना आहेत का ते पाहूनच पैसे द्या. उलट ज्याचा डिस्क ट्रे मेला आहे असा रेकॉर्डर बऱ्याचदा या कामाला चालतो आणि भंगाराच्या भावात मिळतो. विकत घेण्याआधी चालू करून पाहा, काही यंत्रं ट्रे अडकला की पुढेच जात नाहीत. आवाजही रेकॉर्डरमधूनच न्या, थेट व्हीसीआरमधून नाही. नाहीतर चित्राला लागलेला छोटा उशीर आवाजाला लागत नाही. व्हीसीआरला एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळ्या तारांनी नेणारी जोडणी) नसला तरी रेकॉर्डरपासून डबीपर्यंत एस-व्हिडिओ वायर लावा.

एक तोटा आहे. विकतच्या सिनेमांच्या कॅसेटवरचं कॉपी-संरक्षण रेकॉर्डर ओळखतो आणि अडवतो. घरच्या कॅसेटवर ते नसतं, पण फारच खराब फितीला रेकॉर्डर कधी कधी संरक्षित समजून बसतो. तेव्हा व्हीसीआरचं हेड साफ करून, ट्रॅकिंग हाताने जुळवून पुन्हा पाहा.

डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायर

कपाटात सोनीचा डिजिटल८ किंवा मिनीडीव्ही कॅमेरा पडला असेल तर हा मार्ग आधी तपासा. व्हीसीआरची पिन कॅमेऱ्याला, कॅमेऱ्यातून फायरवायर (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची वेगळी वायर) संगणकाला. कॅमेऱ्यात फीत घालू नका, व्हीसीआर मोडवर ठेवा आणि मेनूतलं 'ए/व्ही → डीव्ही आउट' चालू करा. युरोपात विकलेल्या, 'ई' अक्षराच्या अनेक मॉडेलमध्ये बाहेरून चित्र घेण्याची सोयच बंद केलेली असते. मेनूत ही ओळ दिसली नाही तर त्या कॅमेऱ्याचा या कामाला उपयोग नाही.

फायदा असा की कॅमेरा चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात बांधून पाठवतो. तासाला फक्त १३ जीबी, सेकंदाला ३.६ एमबी, जुना संगणकही दमत नाही. पण फार हलणाऱ्या कॅसेटला कॅमेरासुद्धा अडखळतो, डीव्हीडी रेकॉर्डरइतका सोशीक नसतो. शिवाय फायरवायर पोर्ट आता शोधावा लागतो. डेस्कटॉपमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड बसवा. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला फायरवायर अशी स्वस्त वायर बाजारात मिळते, ती घेऊ नका. आत नुसत्या तारा असतात, त्यावरून व्हिडिओ येत नाही. वायर जोडताना दोन्ही बाजू बंद ठेवा, चालू पोर्टमध्ये खोचताना कॅमेऱ्याचं सॉकेट जळू शकतं.

कॅसेट मुळातच मिनीडीव्ही असतील तर तुलना करायचं कारणच नाही, फायरवायर हाच मार्ग. त्या कॅमेऱ्याचं यूएसबी बहुधा फोटोंसाठी असतं. इथे फ्रेम गळली तर ती खरोखर संगणकाकडून किंवा खराब फितीकडून गळते. विनडीव्ही हा कॅप्चर प्रोग्रॅम गळलेल्या फ्रेमचा आकडा दाखवतो आणि तेवढाच भाग पुन्हा घेता येतो.

एव्ही-टू-एचडीएमआय आणि एचडीएमआयची डबी

हा पर्याय खूप विकला जातो, म्हणून सांगणं भाग आहे: टाळा. कन्व्हर्टर ५० फील्डचं (सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं) चित्र बहुधा ६० हर्ट्झवर ताणतो, त्यामुळे एकही फ्रेम गळली नाही तरी हालचाल झटके देत दिसते. इंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून फ्रेम बनवणं, तो स्वतःच्या अकलेने काढतो, ते परत आणता येत नाही. एमएस२१०९ चिपच्या स्वस्त एचडीएमआय डब्या निळं यूएसबी ३ चं टोक लावून विकल्या जातात, आत यूएसबी २ च असतं. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये तरीही हे करायचंच असेल तर 'स्टॅट्स' उघडा. 'रेंडरिंग लॅग' वाढला तर ग्राफिक्सवर ताण, 'एन्कोडिंग लॅग' वाढला तर प्रोसेसरवर. एन्कोडर इंटेलच्या क्विक सिंकसारख्या हार्डवेअरवर न्या. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेमचा रकाना घरच्या रेकॉर्डिंगला लागू नाही.

किती कॅसेट, त्यावर

दोन-तीनच कॅसेट असतील तर ही जमवाजमव करू नका, दुकानात द्या. देताना तीन गोष्टी विचारा: मधे टीबीसी किंवा फ्रेम सिंक्रोनायझर (वेडीवाकडी ओळ आणि फ्रेम सरळ करणारं यंत्र) आहे का, फाइल ५७६ ओळींची इंटरलेस्ड मिळेल की नुसती डीव्हीडी, आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा सांगाल का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर दुसरं दुकान बघा. दहा-पंधरांच्या पुढे असतील तर डबी आणि रेकॉर्डर. कामानंतर दोन्ही विकता येतात.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटच्याही फ्रेम गळू लागतात.