छप्पर आमचं, टॅक्स क्रेडिट दुसऱ्याचं

अमेरिकेत स्वतःचं घर असलेल्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं. 2024 च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी छपरावर बसवायच्या सोलर पॅनेलचा एक सेल्समन आला. बोलायला अतिशय नम्र. विजेचं बिल बघायला मागितलं, टॅबलेटवर आमच्याच छपराचा वरून काढलेला फोटो दाखवला. म्हणाला, "आधी एक पैसाही भरायचा नाही. महिन्याला फक्त 150 डॉलर. शिवाय सिस्टीमची किंमत 42,000 डॉलर, त्यावर 30 टक्के टॅक्स क्रेडिट तुम्हाला." 12,600, म्हणजे आमच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, हा आकडा त्याने आमच्या वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. सही टॅबलेटवर घेतली, पूर्ण करार नंतर ईमेलने आला.

पुढच्या वर्षी टॅक्स भरताना आमच्या सीपीएने (टॅक्सचं काम बघणाऱ्या अकाउंटंटने) तो करार मागवून घेतला. दोन पानं वाचून म्हणाले, "अहो, हे लीज आहे, म्हणजे भाडेकरार. क्रेडिट मागायचा फॉर्म 5695 तुम्हाला भरता येणार नाही. क्रेडिट सिस्टीमच्या मालकाला मिळतं, आणि मालक तुम्ही नाही." करारात तसं स्वच्छ कलम होतं: टॅक्स क्रेडिट, घसारा (सिस्टीमच्या घटत्या किमतीपोटी मिळणारी टॅक्स सूट) आणि राज्याकडून मिळणारी सोलर सर्टिफिकेटं, सगळं मालकाचं.

यामागचा व्यवहार समजून घ्या. सोलर कंपनीला एवढा टॅक्स नसतोच की तिला हे क्रेडिट स्वतः वापरता यावं. म्हणून ती हजारो छपरांवरच्या सिस्टीम एकत्र करते आणि मोठा टॅक्स भरणाऱ्या एखाद्या बँकेला त्यात भागीदार करून घेते किंवा त्या तिला भाड्याने देते. बँक पैसे घालते, बदल्यात क्रेडिट आणि बहुतेकदा घसाराही घेते. हे पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि त्यातला काही फायदा कमी भाड्याच्या रूपाने घरमालकापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्याही आहेत. पण जे क्रेडिट गुंतवणूकदाराच्या नावावर जाणार, तेच आमच्या वहीत लिहून दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

भाड्याचंही तसंच. दरवर्षी 2.9 टक्के वाढ होणार हे तो बोललाच नव्हता. 150 चे पंचविसाव्या वर्षी जवळजवळ 298 होतात आणि एकूण भरणा 64,000 डॉलरच्या वर जातो. 42,000 च्या सिस्टीमसाठी! आणि एवढं भरूनही ती आमची होत नाही.

मग सिस्टीम विकतच घेऊ म्हटलं, तर पहिली पाच वर्षं ती सोय नाही. कारण पुन्हा तेच: पाच वर्षांच्या आत मालकी बदलली तर घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग आयआरएसला (अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्स खात्याला) परत करावा लागतो. घर विकायचं ठरवलं तर सिस्टीमवर आपला हक्क सांगणारी, कंपनीने सरकारदरबारी केलेली यूसीसी-1 ची नोंद टायटल (घराच्या मालकीची कागदपत्रं) तपासताना समोर येते. घेणाऱ्याने लीज आपल्या नावावर करून घ्यायचं, त्याचा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीची पत) कंपनीला पटला पाहिजे, नाहीतर उरलेलं भाडं आपण एकरकमी भरायचं.

कंपनीचं उत्तर एका ओळीचं: सेल्समन आमचा नोकर नाही, बाहेरच्या एजन्सीचा आहे, लेखी करार तोच खरा. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला आहे.

आता तर आणखी सावध राहा. स्वतः विकत घेतलेल्या घरगुती सोलरवरचं 30 टक्के क्रेडिट 31 डिसेंबर 2025 नंतरच्या खर्चाला मिळत नाही. लीज देणाऱ्या कंपन्यांना मात्र ठरावीक मुदतीपर्यंत ते अजून मिळू शकतं, म्हणून दारावर येणारे लीजच गळ्यात मारणार. "क्रेडिट तुम्हाला मिळेल" असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मागा. सही होऊन गेली असेल तर आजच करार उघडा: घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत लेखी कळवून रद्द करता येतो, आणि रद्द करायचा फॉर्म विक्रेत्याने स्वतःहून द्यायचा असतो. आम्हाला तो दिलाच नव्हता.