लाकडी फ्लोअरला पीयू की तेल? सोलापूरच्या घरासाठी

पॉलिशवाला विचारतोय पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारू की तेल, तर आधी शेड कार्ड बाजूला ठेवा आणि तुमच्या घरात रोज फरशी कोण पुसतं ते बघा, खरा निर्णय तिथेच आहे. आमच्याकडे जुळे सोलापूरला दोन्ही आहे, खाली हॉलमध्ये पीयू, वर दादाच्या खोलीत तेल, लाकूड दोन्हीकडे सागवानच.

पीयूचा लाकडावर पारदर्शक थर बसतो, त्यामुळे शेंगाचटणीचं तेल सांडलं तरी लगेच पुसलं की गेलं. रोज मऊ झाडूने केर काढायचा आणि मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून एक हात फिरवायचा, बास. केर मात्र चुकवू नका, एप्रिल-मेमध्ये खिडकी उघडी राहिली की जी बारीक धूळ बसते ना, तिच्यावरून खुर्ची सरकवली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट (जाड मऊ कापडाचे तुकडे) चिकटवा, कपाट हलवायचं असेल तर खाली जुनी सोलापुरी चादर घडी करून घाला आणि चादर ओढा, एक ओरखडा येत नाही.

पीयूची अडचण दुरुस्तीची. खोल ओरखडा तेवढ्याच जागी भरला तर ठिगळ दिसतं. नुसती चमक गेली असेल तर हलकं घासून नवा कोट बसतो, पण लाकूड उघडं पडलं की सगळं मुळापासून घासायचं. आणि त्यावर मेण अजिबात लावू नका, आम्ही चमक यावी म्हणून लावलं आणि नंतर नवा कोट धरेचना, पापुद्रे निघायला लागले, शेवटी अख्खा हॉल घासून घेतला, खर्च आणि आठवडाभराची धूळ वेगळीच.

तेल लाकडात मुरतं. पायाला खरं लाकूड लागतं, मला तरी तेच जास्त आवडतं. ओरखडा आला तर दादा तेवढाच भाग बारीक पेपरने घासून तेल लावतो, कुणाला बोलवावं लागत नाही. पण वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तेल द्यावंच लागतं, आणि ओली कुंडी ठेवून विसरलात तर काळं वर्तुळ उमटतं. जवसाचं तेल, म्हणजे दुकानातलं बेल तेल, वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेल सुकताना उष्णता निघते आणि फडकी आपोआप पेटू शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर नकोच! पाण्यात बुडवा नाहीतर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा.

बादलीभर पाणी, फिनेल, व्हिनेगर, स्टीम मॉप दोन्हीला चालत नाही, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही राहतात. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी दिसल्या तर लांबी (पुट्टी) भरू नका, कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात परत फुगतं.

तर कामाला बाई असतील आणि सगळ्या खोल्या एकाच बादलीने पुसल्या जात असतील तर पीयूच घ्या, त्यांनाही फडकं पिळून दाखवा. स्वतः वेळ देणार असाल तर एका खोलीत तेल करून बघा. फ्लोअर जुना असेल तर आधी पाण्याचा थेंब टाका, मोत्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे, मुरून लाकूड काळपट झालं तर आता पॉलिशवाल्याला बोलवा.