वॉरंटशिवाय अटक झाली तर १५१०० : सीमाभागात मोफत कायदा सेवा कितपत कामाची?

घरातल्या माणसाला पोलिसांनी वॉरंट न दाखवता नेलं की खानापूर-निपाणीकडे आधी ओळखीचा पुढारी गाठला जातो. त्याआधी १५१०० हा मोफत कायदा सेवेचा हेल्पलाइन नंबर फिरवावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं स्पष्ट सांगतं. ही सेवा देणारं जिल्हा प्राधिकरण बेळगावला आहे, तालुक्याला समित्या.

फोन करताना नाव, वय, ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम आणि नेल्याची नेमकी वेळ हाताशी ठेवा. वेळ सगळ्यात महत्त्वाची. प्रवास वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, आणि वेळ घरच्यांनी टिपली नसेल तर कागदावर लिहिलेलीच खरी धरली जाते.

या सेवेचा खरा उपयोग रिमांडआधी, म्हणजे दंडाधिकारी कोठडीचा आदेश देण्याआधी आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक करायची तर पोलिसांना लेखी कारणं नोंदवावी लागतात, नाहीतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. साठीपुढचा किंवा आजारी माणूस आणि तीन वर्षांहून कमी शिक्षा असेल, तर अटकेआधी किमान डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी हवी. हे मुद्दे वकिलाने पहिल्याच तारखेला मांडायला हवेत. कुटुंब न्यायालयात पोचल्यावर वकील शोधू लागलं की ती संधी जाते.

सेवा उणी पडते ती भाषेत. कागद बहुधा कन्नडमध्ये, आणि मराठी माणूस न समजता सही करून मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवून दिलंय, की अटकेची कारणं त्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, उशिरात उशिरा रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. म्हणून वकिलाला आधीच बजावून ठेवा : कारणं मराठीत मागा. सही करावीच लागली तर शेजारी 'कन्नड वाचता येत नाही' असं मराठीत लिहा. अटक पंचनाम्यावर घरचा किंवा गल्लीतला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार लागतो, तो मराठी-कन्नड दोन्ही वाचणारा निवडा.

नुसती नोटीस आली असेल तरी याच नंबरवर सल्ला घ्या. मात्र तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलं की अटकेचं कारण आपणच हातात देतो.