बिंदू चौकाजवळच्या बोळातलं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान, जुनी कागदं असतील तर हितंच जावा

आम्ही चौघं, म्हणजे मी, माझा मावसभाऊ, एक रिटायर्ड तलाठी काका आणि त्यांची कॉलेजातली पुतणी, वर्षभर कोल्हापूरच्या गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या मृत्यूचा छडा लावायच्या मागं हाय. कोल्हापूरबाहेर हे प्रकरण लई जणांना माहीतच नसतं. 1871 ला दत्तक आले, पुढं वेडे ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि 25 डिसेंबर 1883 ला ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाबरोबरच्या झटापटीत गेले, वय फक्त 20. अपघात की खून, यावर आमची रंकाळ्यावर दर रविवारी भांडणं होतात.

तर जुन्या पुस्तकांचे नि पेपरांचे मोबाईलवर काढलेले फोटो ढिगानं जमलेले, निम्मे वाचताच येत नव्हते, म्हणून या दुकानात गेलो. दुकानवाल्या दादांनी पहिलं विचारलं, डाग पुसू की राहू देऊ? मला हा प्रश्न लई आवडला. कारण या प्रकरणात कागदानंच एकदा घात केलाय. महाराजांच्या छळाबद्दल टिळक-आगरकरांनी आवाज उठवला, कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांची म्हणून जी पत्रं छापली ती बनावट निघाली, बर्व्यांनी खटला भरला आणि 1882 ला दोघं 101 दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात. म्हणून तलाठी काकांचा नियम हाय, शिक्का, समासातली पेन्सिल, घडीची रेघ, काहीच पुसायचं नाही. दादांनी प्रत्येक पान दोनदा करून दिलं, एक हाय तसं आणि एक अक्षर उठावदार केलेलं.

एक चूक झाली. पहिल्या गठ्ठ्यात वरचा समास कापला गेला आणि पेपरांच्या तारखाच गायब, आम्हाला तर तारखेशिवाय पान म्हणजे रद्दी. परत नेलं तर वाद न घालता सगळं पुन्हा करून दिलं, जादा पैसे नाहीत, पण चार दिवस मोडले. स्पायरल घेऊ नका, पानं निसटतात, शिवून बाइंडिंग करून घ्या.

सगळ्यात भारी म्हणजे लांबलचक कागदावर सगळ्या तारखा ओळीनं छापून दिल्या. तो घरात फरशीवर पसरला तेव्हा पुतणीनं बोट ठेवलं, टिळक-आगरकर सुटले 26 ऑक्टोबर 1882 ला, म्हणजे छळाचा बोभाटा होऊन वर्ष उलटून गेलं तरी महाराज नगरलाच. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, 17 मार्च 1884 ला, कागलचे यशवंतराव म्हणजे आपले शाहू महाराज दत्तक. माझं मत त्या दिवशी बदललं. ग्रीननं मुद्दाम केलं की हातून झालं हे नंतर बघू, पण सगळं माहीत असून महाराजांना तिथं ठेवणाऱ्यांना कुणी जाब विचारला का, हे आधी शोधायला पाहिजे.

फोटो द्यायचे तर व्हॉट्सॲपवर पाठवू नका, बारीक अक्षर फुटतं, पेनड्राईव्ह घेऊन जावा. आणि संध्याकाळी नको, तेव्हा पोरांच्या प्रोजेक्टची गर्दी असते, सकाळी दादा निवांत बसून एकेक पान बघतात.